घडणावळ

"वेबसाइट बनवायचे किती घेता?" हा प्रश्न आम्हांला पहिल्यांदा कोणी विचारला, तेव्हा आम्ही पुरते गोंधळून गेलो होतो. आज या धंद्यात अकरा वर्षे काढल्यावरही तो कानी पडला म्हणजे घशाला किंचित कोरड पडतेच. भाजीवाला वांग्याकडे पाहून भाव सांगतो, रिक्षावाला अंतराकडे पाहून सांगतो. आम्ही कशाकडे पाहून सांगावे? काही व्यवसायबंधू विचारणाऱ्याच्या मनगटावरील घड्याळाकडे पाहून सांगतात, असे ऐकतो. आम्हांला ती दृष्टी लाभली नाही.

शाळेच्या वार्षिकासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपल्या व्यवसायाविषयी काही लिहावे, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मनात आले की, संगणकाच्या गमतीजमती आजच्या मुलांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. ज्या गोष्टीने आमची खरी परीक्षा पाहिली आणि जी शाळेच्या कोणत्याही तासाला शिकविली गेली नाही, ती एकच : आपल्या कामाची किंमत सांगणे. तेव्हा तिच्याविषयीच लिहितो.

आमच्या या नोकरीविना चालणाऱ्या व्यवसायाला इंग्रजीत 'फ्रीलान्स' म्हणतात. लान्स म्हणजे भाला. सर वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या १८१९ सालच्या कादंबरीत हे शब्द भाडोत्री भालाईतांविषयी आले आहेत. जो मोबदला देईल त्याच्या बाजूने ते लढत. होळकरांच्या गावी हा शब्द उसना आणण्याचे वास्तविक कारण नव्हते. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार घरचा घोडा, घरचे हत्यार घेऊन चाकरीस येई. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसच्या प्रशस्त इमारतींत जे आमचे मित्र रोज सकाळी जातात ते बारगीर, आणि माडीवरच्या खोलीत स्वतःचा संगणक मांडून बसणारे आम्ही शिलेदार. शिलेदाराची ऐट मोठी खरी, पण घोडा आजारी पडला की दाणावैरण आणि औषध त्याच्याच पदरचे.

ही शिलेदारी आमच्या घरात तशी नवी नव्हती. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दुकानांच्या पाट्या रंगवीत. राजवाड्यापासून सियागंजापर्यंत कितीतरी दुकानांवर एके काळी त्यांचे अक्षर होते. त्यांचा दर चौरस फुटाला असे. सावलीचे अक्षर किंवा सोनेरी रंग असला तर तो वाढे. गिऱ्हाईक खाली रस्त्यावर उभे असे. शिडीवरच्या माणसाचा घाम त्याला दिसे, डब्यातला रंग संपताना दिसे, आणि संध्याकाळी फूटपट्टी लावली की हिशेब झाला.

चौरस फुटाच्या या हिशेबापाठीमागे अण्णांचा एक अभिमान होता, आणि त्याचे नाव मकबूल फिदा हुसेन. पंढरपूरला जन्मलेले हुसेन इंदुरात वाढले. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे सुरू केलेल्या कलाशाळेत ते काही काळ शिकले आणि पुढे मुंबईस जाऊन सिनेमाचे भव्य फलक रंगवून पोट भरू लागले. त्या कामाला चौरस फुटामागे चार ते सहा आणे मिळत, असे ते स्वतःच सांगत. मुलांनी गणित करून पाहावे : रुपयाचे सोळा आणे, सहा फूट बाय दहा फूट फलक म्हणजे साठ चौरस फूट, चार आण्यांच्या दराने पंधरा रुपये. त्याच हाताने १९५४ साली काढलेले 'ग्रामयात्रा' हे चित्र २०२५ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात शंभर कोटी रुपयांहून अधिक किमतीस गेले. ती बातमी वाचून अण्णांनी विचारले, "चौरस फुटाला किती पडले रे?" आम्ही हिशेब करावयास बसलो आणि मध्येच सोडून दिला.

अण्णांच्या दोन सवयी होत्या. पहिली अशी की, रंग लावण्यापूर्वी सबंध पाटी खडूने आखून मालकाला दाखवायची, आणि तो 'ठीक' म्हणेपर्यंत डब्याचे झाकण उघडायचे नाही. खडू हाताने पुसता येतो. रंग पुसावयाला रॉकेल लागते आणि वर भांडण होते. दुसरी सवय त्यांना एका कापडवाल्या शेठजींमुळे लागली. त्यांच्या दुकानाची पाटी अण्णांनी मोठ्या हौसेने रंगविली आणि आपल्या मराठी वळणाने तीवर 'स्टोअर्स' असे लिहिले. हिंदीत लिहितात 'स्टोर्स'. संध्याकाळी शेठजी आले, मान वर करून त्यांनी पाटी वाचली आणि विचारले, "यह 'अ' कहाँ से आया?" मजकूर त्यांनी तोंडी सांगितला होता, आणि तोंडच्या शब्दात 'अ' होता की नव्हता हे कोणी सिद्ध करावे? खडूच्या वेळी त्यांनीच मान डोलावली होती, पण ते म्हणाले की, तेव्हा चश्मा दुकानात राहिला होता. एका 'अ'पायी अण्णांनी आख्खी पाटी पदरच्या रंगाने पुन्हा रंगविली. दुसऱ्या दिवशी खजुरी बाजारातून एक जाड वही घरी आली. त्यानंतर मजकूर गिऱ्हाइकाने त्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचा, त्याखाली मापे, रंग, दर आणि विसाराची रक्कम, आणि शेवटी सही, असा नेम झाला.

पुढे फ्लेक्सची यंत्रे आली. पाटी तासाभरात छापून निघू लागली आणि अण्णांची शिडी जिन्याखाली गेली. आम्ही संगणक घेतला, संकेतस्थळे रचण्याची विद्या शिकलो. वही मात्र जुनी अडगळ समजून कधी उघडूनही पाहिली नाही.

धंद्याच्या दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या काकांनी बोलाविले. काकांच्या घरी चिवडा, भाजणी, गोडा मसाला आणि दिवाळीचा फराळ यांचा मोठा व्यवसाय. इंदुरातून पुण्याला आणि परदेशी गेलेल्या लेकी-सुनांकडून त्यांना मागण्या येत. त्या संकेतस्थळावर घ्याव्यात अशी त्यांची इच्छा. काकांच्या मांडीवर आम्ही लहानपणी खेळलेलो. "पैशांचे पाहू रे मग, घरचेच काम आहे," असे ते म्हणाले, आणि आम्ही मान डोलावली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती थोरली बहीण निघाली.

बोलणे झाले होते पाच पानांचे. मग 'थोडेसे' सुरू झाले. चकलीचे फोटो थोडेसे मोठे करावेत. हिंदीतही थोडेसे असावे. न्यू जर्सीच्या नातवंडांसाठी थोडेसे इंग्रजीत. पैसे तेथल्या तेथे भरता यावेत अशी थोडीशी सोय. शेवटी सूनबाईंच्या रांगोळीच्या वर्गाचे थोडेसे एक पान. आज विचार करता काकांना फारसा दोष देववत नाही. दुकानातले कपाट इकडचे तिकडे करावयाला दोन माणसे आणि अर्धा तास लागतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसे. पडद्यावरचे कपाट हलवावयाला काय लागते, हे त्यांना कोणी दाखविलेच नव्हते. आणि दाखविणारे कोणी असले तर ते आम्हीच. आम्ही प्रत्येक वेळी "हो काका" म्हणून रात्र जागत होतो आणि मनातल्या मनात बिल वाढवीत होतो. मनातले बिल दुसऱ्याला वाचता येत नाही.

दसऱ्याला धरलेले काम आषाढात संपले. काकांनी पेढ्यांचा पुडा आणि पाकीट पाठविले. पाकिटात २,१०१ रुपये होते. आमच्या मनातल्या बिलाचा आकडा ३५,००० वर गेला होता. आम्ही तसेच त्यांच्या दारी गेलो. "भाच्याने पाच हजारांत करून दिली असती," असे काका म्हणाले. त्यावर आम्ही जे बोललो ते शाळेच्या वार्षिकात छापण्याजोगे नाही. मधल्या भिंतीवरून आमटी-भाजीच्या वाट्या जात-येत असत. त्या दिवसापासून त्या थांबल्या.

धाकट्या बहिणीच्या महाविद्यालयाचा हप्ता त्याच महिन्यात भरायचा होता. या कामाच्या भरवशावर आम्ही दुसरी दोन कामे नाकारून बसलो होतो. आईने काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या सराफ्यात घेऊन आम्हीच गेलो. बाहेरगावच्या पाहुण्यांना इंदूरचा सराफा म्हणजे रात्रीची खाऊगल्ली ठाऊक असते, भुट्ट्याचा कीस आणि गराडू. दिवसा तेथे तराजू चालतात. सराफाने पाटल्या तोलल्या, कस पाहिला, घट धरली आणि रक्कम सांगितली. त्या पाटल्यांवर बारीक वेलबुट्टी होती. आजोबांनी तिची घडणावळ वेगळी मोजून दिली होती, हे आईने आम्हांला किती वेळा सांगितले असेल! "आणि घडणावळीचे काय?" आम्ही विचारले. सराफ भला माणूस होता. लहान मुलाला समजवावे तसे त्याने सांगितले की, दागिना मोडीत आला की घडणावळ गेली. राहते ते वजन.

परतताना वाटेत ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या धंद्यात वजन मुळी नाहीच. जे आहे ते सारे घडणावळ. ती आधी ठरली नाही तर मागाहून कोणी देत नाही.

त्या रात्री अण्णांनी कपाटातून वही काढून पुढ्यात ठेवली आणि एवढेच विचारले, "तुझी फूटपट्टी कुठे आहे?"

फूटपट्टी शोधावयाला आम्हांला दोन महिने लागले. एकच पान मोबाइलवर वीतभर दिसते आणि टेबलावरच्या पडद्यावर हातभर. तेथे चौरस फुटाला अर्थ नाही. शेवटी दिवस हेच माप हाती आले. समजा, घरखर्चाला महिना ४०,००० रुपये लागतात. वीज, इंटरनेट, संगणकाची झीज यांचे ८,०००. कर, आजारपण आणि बिनकामाचे महिने यांसाठी बाजूला १२,०००. एकूण ६०,०००. महिन्याचे दिवस तीस, तेव्हा दिवसाचे २,०००, असे आम्ही भाबडेपणाने मांडले. अण्णांनी पाहिले आणि म्हणाले, "शिडीवर किती दिवस?" पाट्या शोधत हिंडण्याचे, पावसाचे, पैसे मागावयाला जाण्याचे दिवस त्यांनी वजा करावयाला लावले. उरले पंधरा. दर एकदम दुप्पट झाला, दिवसाला ४,०००. आणि दहा दिवसांच्या साध्या कामाची किंमत ४०,०००. आजवर आपण किती स्वस्तात विकले गेलो, हे त्या रात्री आम्हांला त्रैराशिकाने कळले.

परंतु दिवसाच्या मापातही एक खोच आहे. हात बसला तसे दहा दिवसांचे काम आम्ही सहा दिवसांत करू लागलो. रोजाने पैसे घ्यावेत तर शिकल्याबद्दल दंड भरावा लागतो! लंडनच्या न्यायालयात १८७८ साली हाच प्रश्न निघाला होता. व्हिस्लर नावाच्या चित्रकाराच्या एका चित्राची रस्किनने लेखणीने रेवडी उडविली, म्हणून चित्रकाराने फिर्याद केली. दोन दिवसांच्या श्रमाचे दोनशे गिनी मागता काय, असे रस्किनच्या वकिलाने विचारले. श्रमाचे नव्हे, जन्मभर मिळविलेल्या ज्ञानाचे, अशा अर्थाचे उत्तर व्हिस्लरने दिले. निकाल त्याच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, आणि खटल्याच्या खर्चापायी पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे वाजले. उत्तर सोन्यासारखे होते, पण ते देण्याची जागा न्यायालय नव्हती. म्हणून आम्ही काम उक्ते घेतो, रोजंदारीवर नाही. पोटात दिवसांचा हिशेब असतो, ओठांवर एकच आकडा. आणि तो पहिल्याच भेटीत नव्हे, काय हवे ते नीट ऐकून घेतल्यावर, कागदावर.

त्या कागदावर काय करणार ते असते, आणि काय करणार नाही तेही तितक्याच ठसठशीत अक्षरांत असते. मजकूर आणि फोटो कोणी, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, हे लिहितो; कारण कामे रखडतात ती बहुधा येथे. नंतर खडूची आखणी येते : रंगरूप काही नाही, नुसत्या चौकटी, कोठे नाव, कोठे चित्र, कोठे मागणीचे बटण. तिच्यावर सही झाल्यावाचून आम्ही रंगाचा डबा उघडत नाही. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. तिसरीचे पैसे वेगळे. विसार चाळीस टक्के, आखणी पसंत पडली की तीस, आणि उरलेले तीस काम हवाली करण्यापूर्वी. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि तो तोंडी करारही मानतो, पण तोंडचा 'अ' कोण सिद्ध करणार?

गिऱ्हाइकांच्या अपेक्षांविषयी लिहावे तितके थोडे. गूगलमध्ये नाव पहिल्या क्रमांकावर यावे, ही मागणी तर हटकून येते. त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यापासून दूर राहावे. "भिया, छोटा-सा काम है" असे म्हणत कोणी आला की आम्ही वही जवळ ओढतो. आणि भाचा! इंदुरातील प्रत्येक दुकानदाराला संगणक शिकलेला एक भाचा आहे. त्याच्याकडे अवश्य काम द्यावे, पण त्यालाही एक वही घेऊन द्यावी, असे आम्ही सुचवितो. इंटरनेट तर फुकट आहे, असेही काही जण म्हणतात. ते एका परीने खरे आहे. टिम बर्नर्स-ली यांनी रचलेले वेबचे जाळे जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांस विनामूल्य खुले करून दिले. रस्ता फुकट असला म्हणून रस्त्यावरचे घर बांधणारा गवंडी फुकट मिळत नाही, एवढे मात्र पटवावे लागते.

वहीमुळे सगळे सुरळीत झाले, असे नाही. पहिल्या वर्षी निम्मी गिऱ्हाइके कागद पाहूनच उठून गेली. "आमच्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य आम्ही हिंदीत, मराठीत आणि एकदा गुजरातीतही ऐकले. एकाने सही केली, काम नेले आणि शेवटचा हप्ता बुडविला. चूक आमचीच, आम्ही पैसे येण्याआधी काम हवाली केले होते.

काकांची हकिगत अर्धीच राहिली. भांडणानंतर तीन महिन्यांनी दसऱ्याच्या तोंडावर एक सूचना आली. काकांच्या संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, आम्ही गडबडीत आमच्याच खात्यावर नोंदले होते, आणि त्याचे वर्ष भरले होते. आम्हांला काही करावयाचे नव्हते. नुसते गप्प बसले तरी थोड्याच दिवसांत काकांचे दुकान पडद्यावरून नाहीसे झाले असते, आणि तेही ऐन दिवाळीच्या मागण्यांच्या वेळी. या धंद्यात काही जण मुद्दाम असे नाव आपल्याकडे ठेवतात, म्हणजे दोर आपल्या हाती राहतो. आम्ही ही गोष्ट अण्णांना सांगितली. जरा आनंदानेच सांगितली, हे कबूल करतो.

"पाटी कुणाच्या दारावर आहे?" अण्णांनी विचारले.

"काकांच्या."

"मग ती त्याची. पैसे बुडाले म्हणून रात्री शिडी लावून मी कुणाची पाटी कधी पुसली नाही."

नूतनीकरणाचे नऊशे-हजार रुपये आम्ही भरले, नाव काकांच्या खात्यावर करून दिले आणि लागणाऱ्या खुणा एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या दारी गेलो. काकांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. त्यांना त्यातले फारसे उमगले नसावे, पण आम्ही काहीतरी परत करीत आहोत हे उमगले. काकूंनी आतून बशीत चकल्या आणल्या. पैशांचा विषय निघाला नाही, आणि पुढेही कधी निघाला नाही. पाटल्याही पुन्हा झाल्या नाहीत. बहीण आता मिळवती आहे. ती आईला करून देते म्हणते, आई नको म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात मारोठिया बाजारातले एक मसाल्याचे व्यापारी आमच्याकडे आले. काकांनी पाठविले, म्हणाले. काकांनी त्यांना बजावून सांगितले होते की, तेथे आधी लिहून सही करावी लागते, नुसत्या बोलण्यावर ते काम घेत नाहीत. म्हणून दुकानाचे नाव, पत्ता, मालाची यादी, सारे त्यांनी घरूनच लिहून आणले होते आणि खाली सहीही केली होती. अण्णा आता फारसे माडीवर येत नाहीत, पण त्या दिवशी आले होते. त्यांनी चश्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवीत वाचू लागले. दुसऱ्या ओळीवर बोट थांबले.

"सेठजी," त्यांनी मान वर करून विचारले, "'स्टोर्स' ही ना? इसमें 'अ' तो नहीं?"